पोरींना डाव जरूर शिकवा. पण वाटेकडेचा ऊसही बघा!

गेल्या रब्बी हंगामातली गोष्ट. डोंगराच्या पायथ्याला असलेल्या एका वाडीत हरभऱ्याची शेतीशाळा घेतली होती. घाटे अळी, कामगंध सापळे, पक्षीथांबे असं सगळं सांगून झालं, चहा झाला, मंडळी पांगली. एक शेतकरी मात्र बांधावर तसाच बसून राहिला. मला वाटलं, अनुदानाचं काही विचारायचं असेल. तो म्हणाला, "सायेब, तालुक्याला तुमची वळख हाय. एखादा कराटेवाला गाठून द्या की."

अळीवर औषध विचारणारे रोज भेटतात, कराटेवाला मागणारा हा पहिलाच! खोदून विचारल्यावर कळलं ते असं. मुलगी नववीत. हायस्कूल तीन किलोमीटरवर. जादा तास संपून निघायला सहा वाजतात. नोव्हेंबर-डिसेंबरात सहाला अंधारून येतं आणि वाटेच्या दोन्ही अंगांना दीड पुरुष उंचीचा ऊस. दोन पोरं पंधरा दिवस मोटारसायकलवरून मागं मागं येत होती. हॉर्न मारायचा, काहीबाही बोलायचं. एकदा तर दप्तराचा पट्टा ओढला. मुलीनं घरी सांगितलं आणि बापानं आपल्या परीनं हिशेब मांडला. "कराटं आलं तर शाळा. न्हाईतर दहावीला घालत न्हाई. मामा स्थळ बघाय लागलाय."

म्हणजे प्रश्न नुसता हातापायाच्या डावांचा नव्हता, एका मुलीच्या दहावीचा होता. म्हणून तो मनावर घेतला. एका जुन्या वस्तादांना भेटलो, कराटे शिकवणाऱ्यांशी बोललो, पोलीस पाटलांना विचारलं, हायस्कूलच्या मैदानाकडेला उभा राहून मुलींचा वर्ग बघितला. मी काही पैलवान नाही. पण कागदावरची शिफारस शेतात उतरते की नाही हे पाहणं माझ्या कामाचा भागच आहे. त्याच नजरेनं जे दिसलं ते वाचकांपुढं ठेवतो.

परंपरा मोठी, पण दार अर्धंच उघडं

आपला कोल्हापूर जिल्हा तालमींचा. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागेचं मैदान १९१२ साली उभं राहिलं. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी ही नावं माहीत नाहीत असा माणूस इथं सापडणार नाही. शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणलं. लाठी, फरी-गदका, विटा, दांडपट्टा हे मर्दानी खेळ इथं अजून जिवंत आहेत. २०२४ मध्ये राज्य शासनानं दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला.

एवढं सगळं असून तालमीचं दार मुलींना फार उशिरा उघडलं. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा सांगलीत झाली ती २०२३ साली, आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. मर्दानी खेळांच्या पथकांत आता मुली लाठी फिरवताना दिसतात ही चांगली गोष्ट आहे. पण वाड्यावस्त्यांवरच्या मुलीला तालीम कुठली आणि पथक कुठलं? तिच्या वाट्याला येतो तो शाळेतला वर्ग. केंद्र शासनाच्या समग्र शिक्षा योजनेत सहावी ते बारावीच्या मुलींसाठी तीन महिन्यांचं स्वसंरक्षण प्रशिक्षण आहे. राणी लक्ष्मीबाईंच्या नावानं ते चालतं. आमच्या त्या हायस्कूलमध्येही ते सुरू झालं. बाप खूश झाला. मी मात्र मैदानाकडेला उभा राहून जे बघितलं त्यानं जरा विचारात पडलो.

सपाट मैदान आणि चिखलाची वाट

मुली रांगेत उभ्या. शिट्टी वाजली की पाऊल पुढं, मूठ पुढं, तोंडानं हुंकार. दिसायला छान. मुलींच्या अंगात तरतरी आली, पाठ ताठ झाली, हा फायदा खोटा नाही. पण समोर कोणी नव्हतं! मूठ हवेत, लाथ हवेत. पायात काही नाही, पाठीवर दप्तर नाही, ओढणी नाही, खाली सपाट मैदान. घरी जायच्या वाटेवर यातलं काहीच नसतं. तिथं चप्पल असते, चिखल असतो, पाठीवर पाच किलोचं ओझं असतं आणि छातीत धडधड असते.

वस्तादांना हे सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, "कोरड्या हिरीत पवायला शिकवल्यावाणी झालं हे. समोरचा जोर लावतोय आन् त्याला आपुन हलिवतोय, हे अंगाला ठावं झालं पायजे."

हे बोलणं मला शंभर टक्के पटलं. कुस्तीचं खरं बळ इथंच आहे. ढाक असो, धोबीपछाड असो, नाहीतर पट काढणं असो, हे डाव रोज तांबड्या मातीत खऱ्या जोरानिशी केले जातात. समोरचा सुटायला धडपडतो, तरी डाव बसतो की नाही हे लगेच कळतं. जपानात जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्युदोची शाळा काढली तेव्हा हाच विचार केला. जीवघेणे डाव सरावातून बाजूला काढले आणि जे पूर्ण ताकदीनं, पण इजा न होता करता येतील ते ठेवले. थोडक्यात, भारी डाव हवेत करण्यापेक्षा साधा डाव माणसावर करणं जास्त उपयोगी.

मग कोणती विद्या चांगली?

हा प्रश्न 'कोणतं वाण लावू' या प्रश्नासारखा आहे. जमीन, पाणी, हंगाम बघितल्याशिवाय उत्तर देता येत नाही. तरी माझी मतं स्पष्ट आहेत.

कराटे आणि तायक्वांदो यांत हातापायाचा वेग वाढतो, अंतर राखायची सवय लागते. पण जोडीचा सराव नसेल तर ती कवायत होते. पट्ट्यांच्या परीक्षा आणि त्यांची फी यांच्या मागं लागू नये. पिवळा पट्टा कमरेला आहे म्हणून अंधारातला माणूस थांबत नाही. डोक्याच्या उंचीची लाथ तर रस्त्यावर मारूच नये. ओल्या मातीत पाय घसरून आपणच पडतो.

कुस्ती आणि ज्युदोमुळं पकड, तोल आणि दम येतो. कोणी धरलं तरी मुलगी गोठून जात नाही, कारण धरलं जाण्याची तिला सवय असते. फक्त एक ध्यानात ठेवावं. कुस्तीत समोरच्याला चीत करून वर बसायचं असतं, वाटेवर तसं करायचं नसतं. तिथं दुसरा माणूस असू शकतो. खाली पडलं तर उठायचं आणि पळायचं.

लाठी ही तर आपली घरची विद्या. पण मिरवणुकीत चक्राकार फिरणारी लाठी वेगळी आणि कामाची लाठी वेगळी. उसाच्या सरीतल्या अरुंद पायवाटेवर लाठी फिरवायला जागाच नसते. दोन्ही हातांत धरून टोक समोर रोखायचं आणि गरज पडली तर सरळ ढकलायचं, एवढं जमलं तरी कुत्रं असो की माणूस, हातभर लांब राहतो. काठी खांद्याएवढी, भरीव मानवेलीची, पक्क्या बांबूची असावी. कोवळा बांबू तोडून केलेली काठी वाळली की चिरते आणि तिला भुंगा लागतो.

एवढे चार आले तरी पुरे

तीन महिन्यांत पन्नास प्रकार शिकवण्यापेक्षा चार प्रकार दोनशे वेळा करून घ्यावेत, असं माझं मत झालं. कराटेच्या शिक्षकांनाही मी ते सांगितलं आणि त्यांनी मोकळेपणानं ऐकलं.

पहिला प्रकार, मनगट सोडवणं. धरणाऱ्याच्या पकडीत अंगठा आणि बोटं जिथं जुळतात तिथं ती कच्ची असते. आपलं मनगट त्या फटीकडं वळवायचं, कोपर दुमडून झटक्यात ओढायचं. नुसतं मागं खेचत बसलं तर ताकदवानाचंच चालतं.

दुसरा, मागून मिठी मारली तर. अंग सैल सोडून खाली बसल्यासारखं करायचं, म्हणजे उचलता येत नाही. टाच त्याच्या पावलावर आदळायची, कोपर मागं हाणायचं.

तिसरा, समोरून अंगावर आला तर मूठ नको, तळहाताचा खालचा भाग नाका-हनुवटीवर. सवय नसलेल्यानं मूठ मारली तर स्वतःचीच बोटं मोडतात.

चौथा सगळ्यात सोपा, पण कोणी शिकवत नाही. दप्तर सोडून द्यायचं! पट्टा ओढला की मुली दप्तर घट्ट धरतात. पुस्तकं परत मिळतील. दोन्ही खांद्यांतून पट्टा काढून पळायचा सराव मैदानावर करून घ्यावा. सुरा-कोयता दिसला तर डाव करायच्या भानगडीत पडूच नये. मागेल ते टाकायचं आणि माणसांच्या दिशेनं पळायचं.

हे सगळं दप्तर, चप्पल आणि ओढणीसकट करून घ्यावं. समोर मैत्रिणीनं खरा जोर लावावा. मुलींनी तसं केलं त्या दिवशी निम्म्याजणींना मनगट सुटलं नाही. आठवडाभरानं बहुतेकींना सुटलं. प्रशिक्षण म्हणतात ते हे.

पहिला डाव आवाजाचा

आता जरा अवघड विषयाकडं वळतो. वाटेवरच्या अनोळखी माणसाची आपल्याला भीती वाटते. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल पाहिले तर नोंदवलेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक ठिकाणी आरोपी ओळखीचाच असतो. नात्यातला, शेजारचा, मैत्रीतला. अशा माणसावर लाथ उचलायला मुलगी धजत नाही. मोठ्यांपुढं आवाज चढवू नये हे आपणच तिला लहानपणापासून शिकवलेलं असतं.

कॅनडातल्या ३ विद्यापीठांत सुमारे ९०० विद्यार्थिनींवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. आपण जसा प्रात्यक्षिकाचा प्लॉट आणि शेजारी नेहमीच्या पद्धतीचा प्लॉट ठेवतो, तसेच दोन गट केले. एका गटाला १२ तासांचं प्रशिक्षण, दुसऱ्याला फक्त माहितीपत्रकं. वर्षभरात माहितीपत्रकवाल्या गटात दर शंभरी ९.८ जणींवर बलात्कार झाला, प्रशिक्षण घेतलेल्या गटात ५.२ जणींवर. जवळजवळ निम्मा फरक! त्या १२ तासांत हातापायाचे डाव होतेच. पण ओळखीच्या माणसाचं वागणं कधी धोक्याचं होतंय हे ओळखणं आणि भीड न ठेवता 'नाही' म्हणणं यावरही तेवढाच भर होता. तिथल्या कॉलेजची परिस्थिती वेगळी, आपल्या वाडीची वेगळी. जसंच्या तसं उत्पादन इथं येईल असं मी म्हणणार नाही. पण दिशा कळते.

म्हणून माझी सूचना अशी की वर्गात रोज पाच मिनिटं नुसतं ओरडायला शिकवावं. "लांब हो!" "हात लावायचा नाही!" पोट आत घेऊन, नजर वर ठेवून. आमच्या त्या मुलीला पहिल्या दिवशी आवाजच फुटला नाही. तोंडाला पदर लावल्यासारखी हसली आणि खाली बघितलं. तिसऱ्या आठवड्यात तिच्या आवाजानं मैदानाकडेच्या चिंचेवरचे कावळे उडाले. मला वाटतं, तिचं खरं प्रशिक्षण त्या दिवशी झालं.

मिरचीपूड आणि वाऱ्याची दिशा

बऱ्याच आया मुलीच्या दप्तरात मिरचीपुडीची पुडी ठेवतात. त्यांना एवढंच सांगतो की फवारणीचा पहिला नियम इथंही लागू आहे. वारा तोंडावर असेल तर औषध आपल्याच डोळ्यांत येतं. शिवाय पुडी दप्तराच्या तळाशी, पुस्तकांच्या खाली असली तर ती असून नसल्यासारखीच. त्यापेक्षा गळ्यात दोरीला अडकवलेली शिट्टी बरी. उसातून माणूस दिसत नाही, शिट्टी मात्र लांबवर ऐकू जाते. चाकू, कटर मुलीच्या हाती अजिबात देऊ नये. झटापटीत तो कोणाच्या हातात जाईल सांगता येत नाही.

कायद्याचा बांध

स्वतःचा बचाव करायचा हक्क कायद्यानं दिलेला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये हा हक्क आहे. स्वतःचाच नव्हे, दुसऱ्याचा जीव वाचवायलाही बळ वापरता येतं. पण बचावाला लागेल तेवढंच. हल्ला करणारा पळाला, त्याला गाठून मारलं, तर तो बचाव राहत नाही, गुन्हा होतो. म्हणून मुलीच्या बापा-भावांनी "त्यास्नी उसात गाठून तुडवतो" ही भाषा सोडावी. केस आपल्यावर होते आणि मुलीचं नाव गावभर होतं. मुलीचा असा पाठलाग करणं हाच कलम ७८ खाली गुन्हा आहे. अडचणीत ११२ नंबर लावावा, मुलांसाठी १०९८ आहे. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते; 'हे आमच्या हद्दीत नाही' असं म्हणून परत पाठवता येत नाही.

जाता जाता थोरल्यांसाठीही एक गोष्ट. गावातली निम्मी हाणामारी बांधावरून होते. तिथं कुऱ्हाड-काठीपेक्षा मोजणीचा अर्ज हा सगळ्यात भारी डाव आहे. वेळ लागतो, पण डोकं फुटत नाही!

वाटेचं काय?

या सगळ्यानंतर एका संध्याकाळी मी त्या मुलीबरोबर, तिचे वडील आणि पोलीस पाटील यांच्यासह ती तीन किलोमीटरची वाट चालून आलो. मुलीला विचारलं, "भीती नेमकी कुठं वाटते?" तिनं तीन जागा दाखवल्या. एक ओढ्यावरची मोरी, एक बंद पडलेलं पंपघर, आणि एक वळण, जिथं दोन्हीकडून ऊस रस्त्यावर वाकलेला. बापानं ती वाट जन्मभर तुडवली होती, पण या नजरेनं कधी बघितलीच नव्हती. तो गप्पच झाला.

तेव्हा लक्षात आलं की आपण सगळं ओझं त्या पंधरा वर्षांच्या पोरीच्या मनगटावर टाकत होतो. रोग पडल्यावर औषध मारण्याआधी शेत स्वच्छ ठेवा असं मीच सांगत फिरतो. इथं तर बांधच तणानं भरलेला होता.

मग कामं ठरली. वळणावरच्या दोन उसवाल्यांना विनंती केली की पुढच्या लागणीला रस्त्याकडच्या चार सऱ्यांत ऊस नको. भुईमूग, मेथी, कोथिंबीर घ्या. एक लगेच तयार झाला. दुसऱ्यानं विचारलं, "माझं टनेज कमी हुईल, ते कोन देनार?" मी म्हटलं, तुमची नात पुढच्या वर्षी पाचवीला त्याच हायस्कूलला जाणार ना? तो काही बोलला नाही. पण या हंगामात त्या चार सऱ्यांत भुईमूग आहे. मोरीजवळ दिव्याचा ठराव ग्रामसभेत झाला. मुख्याध्यापकांनी वाडीच्या मुलींचे जादा तास सकाळी घेतले. सातजणी मिळून जायला-यायला लागल्या. पोलीस पाटलांनी त्या दोन पोरांच्या आई-बापांना बोलावलं, पोरांना समोर बसवलं आणि पुढच्या वेळी काय होईल ते स्पष्ट सांगितलं. मोटारसायकल त्या वाटेला पुन्हा आली नाही.

सगळं गोड झालं असं नाही. तीन महिने संपले आणि वर्ग बंद पडला. शिकलेला डाव सरावाशिवाय गंजतो. मोरीवरचा दिवा लागला, दोन महिन्यांत गेला आणि अजून गेलेलाच आहे. वर्ग संपल्यावर आठवड्यातून एक तास तरी शाळेच्या शिक्षिकेनं नाहीतर गावातल्या एखाद्या जुन्या पैलवानानं तो चालू ठेवावा. वस्तादांना तसं विचारलं आहे. ते म्हणाले, "पोरींच्या आया मैदानात बसणार असतील तर येतो." अट रास्त आहे.

मुलगी जूनमध्ये दहावीत गेली. स्थळाचं तूर्त लांबलं आहे. परवा हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेसाठी वाडीत गेलो तेव्हा बाप म्हणाला, "सायेब, आता ती मलाच सांगती, आबा, अंधारात पानी पाजायला एकटं जाऊ नगा, काठी घ्या."

गावोगावच्या ग्रामस्थांना एवढीच विनंती की पुढच्या ग्रामसभेत हा विषय जरूर घ्यावा. आणि त्याआधी एकदा आपल्या मुलीबरोबर तिच्या शाळेची वाट, संध्याकाळच्या वेळी, पायी चालून यावी. भीतीच्या जागा तिला विचाराव्यात. निम्मं स्वसंरक्षण तिथंच सुरू होतं.